‘नव्याने लिहू’ हे उत्तर नाही

जुन्या वेबसाइटचं काम घेऊन कोणाकडेही जा, पहिलं वाक्य ठरलेलं असतं. माणूस दोन मिनिटं स्क्रीन वर-खाली करतो, कपाळाला आठ्या घालतो आणि निकाल देतो, ‘‘हे सगळं फेकून द्या. नव्याने लिहू.’’ गेली कित्येक वर्षं हे वाक्य मी ऐकत आलो आहे. गेल्या पावसाळ्यात तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळाच्या बैठकीत ते पुन्हा ऐकलं आणि या वेळी मला गप्प बसवेना.

या ग्रंथालयाची पुस्तकसूची 2008 साली पीएचपी आणि मायएसक्यूएल वापरून ऑनलाइन झाली. ती करणारा मुलगा गावातलाच होता, पुढे नोकरीसाठी बाहेर गेला. सूची मात्र चालत राहिली. सुमारे 22 हजार पुस्तकं, त्यांचे दाखल क्रमांक, लेखक, प्रकाशक, कोणतं पुस्तक कोणत्या सभासदाकडे आहे, सगळं तिच्यात. मग होस्टिंगवाल्यांचा मेल आला, की जुनं पीएचपी बंद होतंय, नव्या व्हर्जनवर या. कोणीतरी कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन व्हर्जन बदललं आणि सूचीच्या जागी कोरं पांढरं पान आलं. बैठक त्यासाठी होती. मंडळाने एका तरुण डेव्हलपरला बोलावलं होतं आणि त्याचा निकाल तोच होता.

त्याचं म्हणणं मी जसंच्या तसं मांडतो, कारण ते त्याच्या एकट्याचं नाही. पुण्यातल्या मोठ्या ऑफिसांपासून गावातल्या दोन खुर्च्यांच्या दुकानापर्यंत आज हेच मत चालतं. जुना कोड म्हणजे गचाळ काम. एकाच फाइलमध्ये पानाची मांडणी, तिथेच डेटाबेसची क्वेरी, शिस्त कशाचीच नाही. तो वाचण्यात जितका वेळ जाईल तितक्यात नवा लिहून होतो. एकेक एरर दुरुस्त करत बसणं म्हणजे फाटक्या गोधडीला ठिगळं लावणं. असल्या कामाने कोणाचं करिअर होत नाही. आणि आता तर एआय आहे, सांगितलं की आठवड्यात सगळं तयार. यातला एकही मुद्दा मला मान्य नाही.

पहिलं म्हणजे ‘गचाळ’. त्या रात्री मी तो कोड घरी उघडला. पुस्तक शोधण्याच्या फाइलमध्ये एक ओळ होती. मजकुरात ई2, 80, 8डी हे तीन बाइट ‘र’ आणि हलन्ताच्या मागोमाग आले, तर तो अख्खा गट काढून त्या जागी दुसरा घालायचा. ना कॉमेंट, ना खुलासा. नव्याने लिहिणारा कोणीही ही ओळ पाहून म्हणेल, की हा कचरा आहे. हे तीन बाइट म्हणजे युनिकोडमधलं एक अदृश्य चिन्ह आहे. स्क्रीनवर त्याचं काहीच दिसत नाही, म्हणून मजकूर ‘स्वच्छ’ करायच्या सवयीने पुष्कळ जण ते सरसकट उडवतात.

उडवलं की काय होतं? मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. फरक फक्त र कसा काढला याचा, डोक्यावर रफार म्हणून की य च्या आधी तो आडवा वाकलेला अर्धा र म्हणून. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एकीत साधा र, हलन्त आणि ते अदृश्य चिन्ह. दुसरीत खाली टिंब असलेला स्वतंत्र ऱ आणि हलन्त. डोळ्याला दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. ग्रंथालयात नोंदी करणाऱ्या दोन माणसांचे कीबोर्ड वेगळे होते, म्हणून निम्म्या नोंदी एका तऱ्हेने आणि निम्म्या दुसऱ्या. एका तऱ्हेने शोधलं की दुसरीची पुस्तकं सापडत नसत. त्या मुलाला हे कधीतरी कळलं असणार, बहुधा कोणीतरी काउंटरवर भांडल्यावर. त्याने ती एक ओळ घातली आणि प्रश्न मिटला.

हे ज्ञान कोणत्या वहीत होतं? कोणत्या मॅन्युअलमध्ये? कुठेच नाही. फक्त त्या एका ओळीत होतं. ‘कोड फेकून द्या’ म्हणणारा माणूस ती ओळ फेकतो आणि आपण काय फेकलं हे त्याला कळतही नाही. कारण त्याने ती वाचलेलीच नसते.

आता ठिगळांचं. एरर म्हणजे भोक आणि दुरुस्ती म्हणजे ठिगळ, ही समजूतच मुळात चुकीची आहे. नव्या व्हर्जनवर जुना प्रोजेक्ट चढवल्यावर येणारी प्रत्येक एरर ही साक्ष असते. इतकी वर्षं काय गृहीत धरून गाडी चालली होती ते ती सांगते. ते कोरं पांढरं पानच घ्या. एरर दाखवणं बंद होतं म्हणून पान कोरं. लॉग उघडल्यावर पहिल्याच ओळीत उत्तर होतं: ‘मायएसक्यूएल कनेक्ट’ नावाचं फंक्शन सापडत नाही. ही जुनी फंक्शनं वापरू नका असं पीएचपीने 2013 साली, 5.5 व्हर्जनमध्येच सांगितलं होतं. 2015च्या डिसेंबरात आलेल्या 7.0मध्ये ती काढून टाकली. पूर्वसूचना होती, दोन वर्षांहून जास्त मुदत होती. नव्या सॉफ्टवेअरने दगा दिला असं म्हणायला जागा नाही.

हे बदलणं सोपं आहे असं मात्र मी म्हणत नाही. ‘शोधा आणि बदला’ चालवून नव्या फंक्शनची नावं घातली तर काम होत नाही. जुन्या फंक्शनला आधी क्वेरी आणि मग कनेक्शन द्यायचं, नव्याला आधी कनेक्शन आणि मग क्वेरी. प्रत्येक ठिकाणी थांबून पाहावं लागतं. तिथे थांबलं की दिसतं, की सभासदाने टाइप केलेला मजकूर कोणतीही तपासणी न होता थेट क्वेरीत जातोय. जुनं पीएचपी ‘मॅजिक कोट्स’ नावाच्या सोयीने अवतरणचिन्हांपुढे आपोआप तिरपी रेघ घालायचं. 2012मध्ये 5.4 व्हर्जनने ती सोय काढली. आता नावात अवतरणचिन्ह असलेला वसईचा एखादा डि’सोझा सभासद इंग्रजीत नाव टाइप करतो आणि क्वेरी मोडते. ती मोडली म्हणून निदान कळलं. हाच दरवाजा चोराला उघडा राहतो तेव्हा काहीच मोडत नाही, एररही येत नाही. अपग्रेड करताना भीती या गप्प बसणाऱ्या जागांची बाळगायची. त्या सापडतात ओळ न ओळ वाचल्यावर, दुसरा मार्ग नाही.

अशीच एक गप्प जागा पीएचपी 8ने उघडी केली. 2020च्या नोव्हेंबरात आलेल्या या व्हर्जनमध्ये आकडा आणि मजकूर यांची तुलना बदलली. त्याआधी ‘कविता’ हा शब्द शून्याबरोबर ताडून पाहिला तर पीएचपी म्हणायचं, दोन्ही सारखे. आठपासून म्हणतं, वेगळे. ग्रंथालयाच्या कोडमध्ये अट अशी होती, की विभाग शून्य असेल तर सगळी पुस्तकं दाखवा. पूर्वी विभागांना आकडे होते, पुढे कोणीतरी नावं दिली. तेव्हापासून ‘कविता’ निवडलं तरी सगळीच पुस्तकं दिसत होती आणि ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. नव्या व्हर्जनवर शोध पहिल्यांदाच बरोबर चालला. दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल बाईंचा फोन, ‘‘सर, पुस्तकं गेली हो!’’ पुस्तकं कुठेच गेली नव्हती. कित्येक वर्षांची चूक सुधारली होती. नव्याने लिहिणाऱ्याला हे कधी कळलं असतं का?

पण सगळ्यात जास्त जीव गुंतला तो अक्षरांमध्ये. नव्या सर्व्हरवर सूची उघडली तेव्हा मराठीच्या जागी रोमन ए, त्याच्या डोक्यावर तिरपी रेघ, मग चलनाचं चिन्ह, मग पुन्हा तसाच ए, अशी लांबच लांब रांग. पुढच्या बैठकीत हे दाखवल्यावर तो तरुण म्हणाला, ‘‘बघा, डेटाच खराब आहे. पुन्हा टाइप करावा लागेल.’’ 22 हजार पुस्तकं पुन्हा टाइप! मंडळातले दोन ज्येष्ठ खचलेच.

डेटा खराब नव्हता. 2008च्या मायएसक्यूएलमध्ये टेबलं मूळचीच ‘लॅटिन वन’ या पश्चिम युरोपीय अक्षरसंचाची बनत. वेबपान मात्र मराठीचे बाइट यूटीएफ-8 या युनिकोडच्या रीतीत पाठवत होतं. डेटाबेसने ते बाइट लॅटिन समजून जसेच्या तसे ठेवले आणि मागितल्यावर जसेच्या तसे परत दिले. दोन्हीकडून सारखीच चूक, म्हणून पानावर मराठी शुद्ध दिसत राहिली. नव्या मायएसक्यूएलने, म्हणजे 2018च्या 8.0पासून, मूळचा संच यूटीएफ-8 केला. आता तो प्रामाणिकपणे ‘लॅटिन’चं यूटीएफ-8 करून देतो आणि आपल्याला ती ए-ची रांग दिसते. घाईने टेबल सरळ नव्या संचात बदललं तर ही रांग कायमची पक्की होते. त्यातून बाहेर पडायची रीत अशी: कॉलम आधी निव्वळ बाइट ठेवणाऱ्या प्रकारात न्यायचा, म्हणजे डेटाबेस अक्षरांविषयी काही समजणं सोडून देतो. मग त्याला सांगायचं, हे यूटीएफ-8 आहे. बॅकअपच्या प्रतीवर हे करून पाहिलं आणि पहिलंच पान मराठीत उभं राहिलं, तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता.

त्यातही एक गोष्ट उरली. काही लेखकांची नावं तुटलेली होती. ‘विष्णू सखाराम खांड’ असं एक नाव मी पाहत राहिलो. लॅटिन वनमध्ये लेखकाच्या नावाला 50 जागा, म्हणजे 50 बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजायचे. खांडेकरांचं पूर्ण नाव मधल्या दोन मोकळ्या जागांसकट 59 बाइट भरतं. जुन्या मायएसक्यूएलने ते 50वर कापलं आणि कोणाला सांगितलं नाही. 5.7पासून नियम कडक झाला, आता न मावणारी नोंद तो सरळ नाकारतो. या तुटलेल्या नोंदी शोधायला वेळ लागला नाही. ज्यांची लांबी बरोबर 50 किंवा 50ला अगदी टेकलेली, ती नावं वेगळी काढली. यादी हातात आल्यावर बाईंनी कपाटातली दाखल नोंदवही काढली आणि दोन दुपारी बसून प्रत्येक नाव पूर्ण केलं. डेटा ‘इम्पोर्ट’ करून वर चकचकीत पान चढवणाऱ्याने अर्धे खांडेकर तसेच पुढे नेले असते.

खरेदी दिनांकातली शून्यं तशीच. सगळी शून्यं असलेली तारीख नवा मायएसक्यूएल स्वीकारत नाही. उतावळा माणूस तिथे 1 जानेवारी 1970 घालून मोकळा होतो. इथे शून्य तारखेचा अर्थ होता, ‘पुस्तक भेट आलेलं आहे, विकत घेतलेलं नाही’. वार्षिक अहवालातला भेटपुस्तकांचा आकडा त्यावरूनच निघत होता.

एवढं सगळं एका छोट्या ग्रंथालयाच्या सूचीत. आता कोणी मला सांगावं, महिन्याभरात ‘नव्याने’ लिहिणारा यातलं काय काय पुन्हा शोधून काढणार होता?

‘वाचण्यापेक्षा लिहिणं लवकर होतं’ या मुद्द्याचा निकाल तर केव्हाच लागला आहे आणि तो लावणारे आपल्यापेक्षा फार मोठे लोक होते. नेटस्केप एके काळी जगातला सगळ्यात लोकप्रिय ब्राउझर. 1998मध्ये त्यांनी जुना कोड बाजूला ठेवून नव्याने लिहायला घेतलं. पाचवं व्हर्जन आलंच नाही, सहावं आलं ते 2000च्या नोव्हेंबरात. तोवर मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररने बाजार नेला होता. जोएल स्पोल्स्की या प्रोग्रॅमरने त्याच वर्षी लिहिलं, की कंपनीने करू नये अशी ही सगळ्यात मोठी चूक. यावर लगेच कोणीतरी म्हणतं, पण त्यातूनच फायरफॉक्स आला ना? आला, 2004च्या नोव्हेंबरात. त्याच्या सव्वा वर्ष आधी, 2003च्या जुलैत, नेटस्केपची माणसं घरी गेली होती. नवं रोप उगवलं म्हणून आपलं शेत बुडालं नाही, असं कोणता शेतकरी म्हणेल?

जुनी तऱ्हा टाकून देणाऱ्या बड्या कंपन्यांनाही ती परत आणावी लागली आहे. मायक्रोसॉफ्टने 2005च्या व्हिज्युअल स्टुडिओत वेब प्रोजेक्टची जुनी रचना काढली. प्रोजेक्टची फाइलच नको, फोल्डर म्हणजेच वेबसाइट, असं ठरवलं. 2003च्या व्हिज्युअल स्टुडिओत काम करणाऱ्यांनी आपले मोठे प्रोजेक्ट त्यात उघडले तेव्हा बदलाच्या विझार्डमधून एररचे ढीग बाहेर पडले. लोकांनी ओरड केली. वर्षभरात, 2006मध्ये, मायक्रोसॉफ्टने जुनी रचना ‘वेब अॅप्लिकेशन प्रोजेक्ट’ म्हणून आधी जोडपुरवणीच्या रूपात आणि मग सर्व्हिस पॅक एकमध्ये परत दिली. त्या रचनेत लोकांचं रोजचं काम बसलेलं होतं, हे मान्य करावंच लागलं.

आणि करिअर? हा मुद्दा ऐकला की मला खरोखर वाईट वाटतं. भारतातल्या आयटी कंपन्यांवर जगाचा विश्वास बसला त्याचं एक मोठं कारण 2000 सालचं तारखांचं संकट. त्या वेळी आपल्या हजारो मुला-मुलींनी काय केलं? परदेशी बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या जुन्या कोबॉल प्रोग्रॅमच्या ओळी वाचल्या. दोन आकडी वर्षं शोधली, चार आकडी केली, तपासली. दुसऱ्याने लिहून ठेवलेला, कॉमेंट नसलेला कोड समजून घेणं, हेच काम. आज ज्या इमारतींमध्ये बसून हे काम ‘मेंटेनन्स’ म्हणून बेंचवरच्या नवशिक्या पोराच्या गळ्यात मारलं जातं, त्या इमारतींच्या पायात हेच काम आहे. जे सगळ्यात अनुभवी माणसाने करायचं, ते सगळ्यात नवख्याला द्यायचं आणि त्याला ते जमलं नाही की ‘कोडच वाईट’ म्हणायचं, याला काय म्हणावं?

एआयचं मी थोडक्यातच सांगतो. मीही ते वापरतो. फंक्शनची नावं बदलायला, क्वेरीतला क्रम फिरवायला त्याचा उपयोग होतो. ‘रेक्टर’सारखं साधनही पीएचपीच्या जुन्या रचना नव्यात बदलून देतं. पण शून्य तारीख म्हणजे भेटपुस्तक, हे त्याला कोण सांगणार? ज्याने जुना कोड वाचलेला नाही, त्याला तो प्रश्न विचारायचा हेच सुचणार नाही.

‘चालतंय ना, मग हात कशाला लावता?’ म्हणणारे आणि ‘फेकून द्या’ म्हणणारे एकमेकांच्या विरुद्ध आहेत असं कोणी समजू नये. पहिले दहा वर्षं हात लावू देत नाहीत, म्हणूनच दुसऱ्यांचं फावतं. पीएचपी 5.6ची सुरक्षा-दुरुस्ती 31 डिसेंबर 2018ला संपली. त्या त्या वेळी आलेल्या प्रत्येक व्हर्जनवर एकेक पायरी चढत आलं असतं, तर पांढरं पान कधी आलंच नसतं. मी शेवटी तेच केलं. एका मशीनवर जुनं पीएचपी तसंच जिवंत ठेवलं, शेजारी नवं. आधी 5.6, मग 7.4, मग 8. प्रत्येक पायरीवर सगळ्या वॉर्निंग चालू ठेवून लॉग कोरा होईपर्यंत पुढे गेलो नाही. मग दोन्हीकडची तीच पानं काढून शेजारी-शेजारी ताडून पाहिली. जिथे फरक, तिथे कारण शोधलं. संध्याकाळची कामं सांभाळून सात आठवडे लागले.

सातव्या आठवड्यात सूची पुन्हा लोकांना खुली झाली. मंडळापुढे नव्या सिस्टिमचं कोटेशन अजून पडून होतं. मी अध्यक्षांना लेखी दिलं, की ते नाकारा. जुना कोड हा ग्रंथालयाच्या मालकीचा आहे, दाखल नोंदवहीइतकाच, आणि नोंदवही जुनी झाली म्हणून कोणी रद्दीत घालत नाही. जो डेव्हलपर तो वाचायला तयार नाही त्याला काम देऊ नका, मग तो कितीही स्वस्तात आणि कितीही लवकर करून देतो म्हणो.

काम सोपवण्याच्या आदल्या रात्री मी शोधाची ती फाइल पुन्हा उघडली. ती ओळ जागेवर होती, मी तिला हात लावला नव्हता. तिच्या डोक्यावर मराठीत कॉमेंट लिहिली: ‘ही ओळ काढू नये. तिच्याऐवजी ते अदृश्य चिन्ह नुसते उडवल्यास दऱ्यांचा दर्या आणि आचाऱ्यांचे आचार्य होतील. कारण खाली लिहिले आहे.’ आणि खाली ते सविस्तर लिहिलं.